वेल्श भाषेतलं ‘असणं’

मागच्या दोन व्याख्यानांत आपण सत्ता या कल्पनेचा विचार केला, पण तो तत्त्वज्ञांच्या ग्रंथांमधून केला. आज जरा वाट बदलू या. आज एक भाषा घ्यायची आहे, आणि ती भाषा ‘आहे’ कशी म्हणते एवढंच बघायचं आहे. भाषा आहे वेल्श. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा देश आहे, तिथली. २०२१च्या जनगणनेत तिथल्या सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी, म्हणजे १७.८ टक्क्यांनी, आपल्याला वेल्श बोलता येतं असं सांगितलं. भाषा लहान आहे, पण ‘असण्या’च्या बाबतीत तिच्याकडे जी सामग्री आहे ती पाहून आम्ही तरी चकित झालो.

वेल्शकडे आम्ही कसे वळलो हे सांगायला हवं, कारण आजचा मुद्दा तिथूनच निघतो. बर्ट्रांड रसेलचं ‘इन्ट्रोडक्शन टू मॅथेमॅटिकल फिलॉसॉफी’ हे पुस्तक १९१९ साली आलं. त्याचं लेखन त्यानं १९१८ साली तुरुंगात केलेलं होतं. त्यात तो चिडून म्हणतो, की ‘सॉक्रेटीस माणूस आहे’ अशा वाक्यात गुण सांगायला आणि दोन गोष्टी एकच आहेत असं सांगायला आपण एकच ‘आहे’ वापरतो, हा प्रकार मानवजातीला लाज आणणारा आहे. वर्गात आम्ही हे वर्षानुवर्षं शिकवलं. फळ्यावर चार वाक्यं लिहायची: ‘देव आहे’, ‘ग्वेन डॉक्टर आहे’, ‘ती बाई म्हणजे ग्वेन आहे’, ‘मांजर घरात आहे’. मग विद्यार्थ्यांना विचारायचं, या चार ‘आहे’त फरक काय? पहिलं अस्तित्वाचं, दुसरं विधेयाचं, तिसरं तादात्म्याचं, चौथं स्थानाचं. विद्यार्थी लिहून घ्यायचे. आम्हीही समाधानी.

पण हाच रसेल १८७२ साली वेल्समध्ये, ट्रेलेकजवळ जन्मला आणि १९७० साली वेल्समध्येच, पेन्रिनदाइद्राइथ या गावी वारला. आयुष्याची शेवटची काही वर्षं तो तिथे, वेल्श बोलणाऱ्या मुलखात राहिला. मानवजातीला लाज आणणारा तो प्रकार त्याच्या शेजारच्या घरात होत होता का? हा प्रश्न आम्हाला फार उशिरा, निवृत्तीनंतर पडला. म्हणून हौसेनं वेल्श शिकायला घेतली. फार येते असं नाही. उच्चार इथे देवनागरीत जवळपास सांगतो, जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

वेल्शमध्ये क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला येतं. आपण ‘आहे’ शेवटी म्हणतो, वेल्श माणूस आधी म्हणतो. ‘माइ काथ अन अ टी’. माइ म्हणजे आहे, काथ म्हणजे मांजर, अन अ टी म्हणजे घरात. घरात एक मांजर आहे. आता ते ठरावीक, आपल्या ओळखीचं मांजर असेल तर? ‘माइर गाथ अन अ टी’. ‘काथ’चं ‘गाथ’ झालं ते मागच्या निश्चितवाचक शब्दामुळे. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं व्यंजन असं बदलत राहतं. ‘आहे’ मात्र दोन्हीकडे ‘माइ’च. इथपर्यंत सगळं सोपं आहे.

आता हेच विचारा. घरात मांजर आहे का, म्हणजे एखादं तरी? ‘ओइस काथ अन अ टी?’ आणि ते आपलं मांजर घरात आहे का? ‘अदिर गाथ अन अ टी?’ क्रियापदच बदललं. अनोळखी वस्तूबद्दल विचारायचं तर ‘ओइस’, ओळखीच्या वस्तूबद्दल विचारायचं तर ‘अदी’. नकारातही तसंच: ‘दोइस दिम काथ’ म्हणजे मांजरच नाही, आणि ‘ददिर गाथ दिम अन अ टी’ म्हणजे ते मांजर घरात नाही, कुठेतरी दुसरीकडे असेल.

म्हणजे बघा, सांगताना शब्द एक, पण विचारताना आणि नाकारताना दोन. विधान करणारा माणूस ‘माइ’च्या पांघरुणाखाली सुखात असतो. त्याला शंका आली की मात्र भाषा त्याला अडवते आणि विचारते, तुला काय म्हणायचं आहे? असं काही आहे की नाही ही तुझी शंका आहे, की जे आहे हे तू धरून चाललायस, ते इथे आहे की नाही ही शंका आहे?

आम्ही सुरुवातीला हमखास चुकायचो. एकदा सरावाच्या वेळी आम्ही विचारलं, ‘ओइस ग्वेन अन अ टी?’ शिकवणाऱ्या बाई हसल्या. म्हणाल्या, हे म्हणजे घरात एखादी ग्वेन वगैरे मिळेल का असं विचारल्यासारखं झालं. चार आण्याच्या कोथिंबिरीसारखं! विशेषनामाला ‘ओइस’ चालत नाही. नाव घेतलंत म्हणजे ती कोण हे तुम्हाला ठाऊक आहे, मग ‘अदी’च पाहिजे.

मराठीत हा फरक नाही असं समजू नका. ‘घरात मांजर आहे’ आणि ‘मांजर घरात आहे’ ही दोन वाक्यं पुन्हा म्हणून बघा. आपण तोच भेद शब्दांच्या क्रमानं करतो. पण आपला ‘आहे’ त्यात भाग घेत नाही, तो शेवटी शांत बसून असतो.

आता उत्तर कसं द्यायचं ते पाहू. वेल्शमध्ये सर्वत्र चालेल असा ‘हो’ नाही आणि ‘नाही’ही नाही. ‘ओइस?’ असं विचारलं तर उत्तर ‘ओइस’ किंवा ‘नाग ओइस’. ‘अदी?’ असं विचारलं तर ‘अदी’ किंवा ‘नाग अदी’. ‘दूध आहे का?’ या प्रश्नाला आपल्या घरात ‘आहे’ असं उत्तर येतं ना, तसंच. आणि तिसरी एक जोडी आहे, ‘इए’ आणि ‘नागे’. ती कधी लागते, तर ‘मेदिग यू ग्वेन?’ असं विचारल्यावर. मेदिग म्हणजे डॉक्टर. शब्दशः ‘डॉक्टर आहे ग्वेन?’ इथे ‘डॉक्टर’ हा शब्द क्रियापदाच्या पुढे ओढून आणलाय, आणि तो तिथे आल्याबरोबर ‘आहे’चं रूप ‘यू’ झालंय. हा प्रश्न ग्वेन असण्याबद्दल नाही, ती कुठे आहे याबद्दलही नाही. ती कोण, हा प्रश्न आहे. उत्तर ‘इए’, म्हणजे तेच, बरोबर. किंवा ‘नागे’.

या ‘नागे’साठी आम्ही मराठी शब्द शोधत बसलो आणि तो आपल्या आजीच्या बोलण्यात सापडला: नव्हे. ‘मांजर घरात नाही’, पण ‘ते मांजर नव्हे, बोका आहे’. ‘नाग ओइस’ म्हणजे नाही, ‘नागे’ म्हणजे नव्हे. हा भेद आपल्याकडे किती जुना आहे हे नैयायिकांना विचारा. त्यांनी अभावाचे मुळात दोन भाग केले. ‘जमिनीवर घट नाही’ हा संसर्गाभाव, ‘घट हा पट नव्हे’ हा अन्योन्याभाव. पहिल्यात एका गोष्टीचा दुसरीशी संबंध नाकारला जातो, दुसऱ्यात दोन गोष्टींचं एकपण. जे सांगायला त्यांना पारिभाषिक शब्द घडवावे लागले, ते मराठीत दोन साध्या शब्दांत होतं आणि वेल्शमध्ये रस्त्यावरच्या उत्तरात होतं. (हल्ली शहरात ‘ती डॉक्टर नाहीये’ असंच ऐकू येतं. ‘नव्हे’ आता भाषणात आणि कीर्तनात उरलंय. आम्हाला याचं वाईट वाटतं. म्हातारपणाचा दोष म्हणा हवं तर.)

थांबा, एक रूप राहिलं. ‘घरात कोण आहे?’ याला वेल्शमध्ये ‘पुइ सीद अन अ टी?’ म्हणतात. इथे ‘आहे’ झालं ‘सीद’. उत्तर, ‘ग्वेन सीद अन अ टी’, घरात आहे ती ग्वेन. कर्ता पुढे आला की ‘सीद’, ‘डॉक्टर’सारखं विधेय पुढे आलं की ‘यू’, स्थळ पुढे आलं तर पुन्हा ‘माइ’. मराठीत आपण हे काम ‘च’ लावून किंवा आवाज चढवून करतो.

आता रसेलकडे परत येऊ. तार्किकांनी ‘आहे’चे तुकडे केले ते असे: अस्तित्व, विधेय, तादात्म्य. वेल्शनंही तुकडे केले आहेत, पण सुरी दुसऱ्याच जागी चालवली आहे. ‘ग्वेन डॉक्टर आहे’ हे वेल्शमध्ये दोन प्रकारे म्हणता येतं. एक ‘माइ ग्वेन अन वेदिग’. ग्वेनबद्दल बोलणं चाललंय, तिच्याविषयी ही माहिती. दुसरं ‘मेदिग यू ग्वेन’. ग्वेन कोण, याचं हे उत्तर. रसेलच्या कोष्टकात ही दोन्ही वाक्यं एकाच रकान्यात पडतील. वेल्श माणसाला ती वेगळी लागतात, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. म्हणजे वेल्श ‘आहे’ची रूपं कोणत्या तत्त्वावर विभागली आहेत? वस्तूंच्या प्रकारांवर नाही. ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे, आणि त्याला काय कळायचं राहिलंय, यावर. आम्ही इतकी वर्षं ‘असणं’ हे वस्तूच्या बाजूनं शिकवलं. ही भाषा ते संवादाच्या बाजूनं धरते.

याचा तत्त्वज्ञानाला काय उपयोग? सगळ्यात कठीण उदाहरण घेऊ. देव. वेल्शमध्ये देवाला ‘द्यू’ म्हणतात, आपल्या ‘देव’ शब्दाचं हे सख्खं भावंडच. ‘देव आहे’ हे कसं म्हणायचं? नुसतं ‘माइ द्यू’ म्हटलं तर वाक्य अर्धवट वाटतं. देव काय? कुठे? म्हणून म्हणतात ‘माइ द्यू अन बोद’. हे ‘बोद’ म्हणजे असणं, आणि आपल्या संस्कृत ‘भू’ धातूचं ते नातेवाईक. शब्दशः वाक्य होतं, ‘देव असण्यात आहे’. अस्तित्व सांगायला ‘आहे’ पुरत नाही, त्यावर आणखी एकदा ‘असणं’ ठेवावं लागतं.

आणि प्रश्न? प्रश्न दोन होतात. ‘ओइस द्यू?’, देव म्हणून काही आहे का? आणि ‘अदी द्यू अन बोद?’, म्हणजे तो देव, ज्याच्याबद्दल आपण बोलतोय, तो अस्तित्वात आहे का? मराठीत दोन्ही ‘देव आहे का?’ यातच बसतात, आणि वादविवादात आपण नकळत एकातून दुसऱ्यात उडी मारतो. दुसऱ्या प्रश्नात विचारणाऱ्यानं देवाला आधीच ओळखीचा मानलाय. मग ‘नाग अदी’ म्हणणारा नास्तिक कोणाबद्दल नकार देतोय? जो नाहीच असं तो म्हणतो, त्याचं नाव घेऊनच त्याला ते म्हणावं लागतं.

इथे उदयनाचार्यांची आठवण होते. ‘न्यायकुसुमांजली’त ते निरीश्वरवाद्याला याच पेचात पकडतात. ईश्वर नाही असं अनुमानानं सिद्ध करायचं, तर त्या अनुमानाचा पक्ष ईश्वर. तो सिद्ध नसेल तर अनुमानाला आश्रयच नाही. सिद्ध असेल तर नाकारता काय? याला आश्रयासिद्धी म्हणतात. नऊ शतकांनंतर, १९०५ साली, रसेलनं वर्णनांचा सिद्धान्त मांडला तो याच पेचातून सुटायला. त्यानं काय केलं, तर प्रत्येक ‘अदी’ प्रश्नाचं ‘ओइस’ प्रश्नात भाषांतर केलं. फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे का, असं विचारू नका. आधी विचारा, अशी एखादी आणि एकच व्यक्ती आहे का, जी सध्या फ्रान्सची राजा आहे आणि टकली आहे? ओइस की नाग ओइस? उत्तर नाग ओइस, पेच संपला.

आमचं मत विचाराल तर रसेलची युक्ती चांगली आहे, पण तिची किंमत वेल्श व्याकरण दाखवून देतं. ‘ओइस’मध्ये ढकललेली प्रत्येक गोष्ट अनोळखी होते. श्रद्धावान माणूस ज्याच्याबद्दल विचारतो तो त्याला अनोळखी नाही. त्याचा प्रश्न ‘अदी’चाच आहे, आणि त्याला ‘ओइस’चं उत्तर दिलं तर तो म्हणणार, मी हे विचारलंच नव्हतं. नास्तिकाचा प्रश्नही तितकाच खरा. दोघांचं भांडण मिटेल असं नाही, पण ते दोन प्रश्नांवर चाललंय हे तरी दिसेल.

आता सावध व्हायला हवं. एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं १९५८ साली एक निबंध लिहिला. ॲरिस्टॉटलचे पदार्थ म्हणजे ग्रीक भाषेचीच वर्गवारी आहे, असं त्याचं म्हणणं. तुलनेसाठी त्यानं आफ्रिकेतली एवे भाषा घेतली. तिथे ‘असण्या’चं काम वेगवेगळी क्रियापदं वाटून घेतात, म्हणून तिथे ग्रीकांसारखी ‘सत्ता’ ही एकसंध कल्पना उभी राहणं अवघड. हे ऐकायला फार मोहक वाटतं. पण वेल्श त्याला पुरतं पटू देत नाही. रूपं पाच-सहा, तरीही ‘बोद’ हे एक नाम त्या सगळ्यांना बांधून ठेवतं. ‘बोदोलाइथ’ म्हणजे अस्तित्व, ‘हान्वोद’ म्हणजे सार, तत्त्व. दोन्ही त्यातूनच निघाले. शिवाय वेल्श मूल जन्मतः तर्कशास्त्रज्ञ होत नाही, आणि ‘आहे’चे भेद दाखवणारे फ्रेगे आणि रसेल हे एकच ‘आहे’ असलेल्या भाषांत वाढले. भाषा विचार ठरवत नाही. ती काही प्रश्न टाळू देत नाही, एवढंच म्हणता येईल.

‘बोद’चं नामपण जरा बघण्यासारखं आहे. ‘मी इथे आहे हे तिला माहीत आहे’ असं वेल्शमध्ये थेट म्हणत नाहीत. तिथे म्हणावं लागतं, तिला ‘व मोद ई’ माहीत आहे, म्हणजे ‘माझं असणं’. तो असेल तर ‘ई वोद ए’, ती असेल तर ‘ई बोद ही’. बोद, वोद, मोद. पहिलं अक्षर कोणाचं असणं त्याप्रमाणे बदलतं. आपणही ‘मी इथे असल्याचं तिला माहीत आहे’ म्हणतोच की. बोलता बोलता आपण असण्याला नाम करतो, त्याला षष्ठी लावतो, आणि मग तत्त्वज्ञानाच्या वर्गात येऊन विचारतो की असणं ही वस्तू आहे का!

आणि बोद म्हणजे राहण्याची जागाही. बोदेद्देर्न, बोदेल्विदान, बोदनान्त ही गावांची आणि जागांची नावं त्यातूनच आली. उन्हाळ्यात गुरं डोंगरावर चरायला न्यायची तेव्हा राहायचं घर ते ‘हावोद’, म्हणजे हाव अधिक बोद, उन्हाळ्याचं असणं. हायडेगरनं १९५१च्या एका व्याख्यानात जर्मन शब्दांच्या मुळाशी जाऊन असणं आणि राहणं एकच असल्याचं दाखवायचा बराच खटाटोप केला. वेल्श गुराख्याला तो खटाटोप नको होता. आपल्यालाही नको, कारण ‘भवन’ आणि ‘भुवन’ हे शब्द ‘भू’पासूनच आले आहेत.

ज्यांच्याकडे काही आहे, ज्यांना काही वाटतं, तेही सगळं ‘माइ’वर. वेल्शमध्ये ‘टू हॅव’सारखं क्रियापद नाही. ‘माझ्याकडे गाडी आहे’ हे अगदी आपल्यासारखंच. भीती माझ्यावर आहे, सर्दी माझ्यावर आहे. ग्वेनचे पाच पौंड मी देणं लागत असेन तर तेही माझ्यावर आहेत. ‘हिराइथ’ नावाचा त्यांचा एक लाडका शब्द आहे. जे हरवलं किंवा दूर राहिलं त्याची ओढ. ‘माइ हिराइथ आर्ना ई’, हिराइथ माझ्यावर आहे. कर्ज आणि ओढ एकाच व्याकरणात.

एका प्रश्नानं थांबतो, कारण तो वेल्श तत्त्वज्ञांनी स्वतः विचारला आहे. जे. आर. जोन्स हे स्वॉन्झीच्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. याच स्वॉन्झीत १९४०च्या दशकात व्हिटगेन्स्टाइन अनेकदा येऊन राहायचा. जोन्स रसेलच्याच साली, १९७० साली वारले. त्यांचं ‘प्रिदाइन्दोद’ हे पुस्तक १९६६चं. एखादा लोकसमूह ‘असतो’ म्हणजे काय, हा त्यांचा विषय. त्यांचं उत्तर असं, की जमीन आणि भाषा एकमेकींत मुरलेल्या असतात आणि त्यातून तो समूह घडतो. भाषा गेली तर माणसं तिथेच राहतील, पण तो समूह राहणार नाही. रसेलच्या कोष्टकात या वाक्याला जागा सापडत नाही, कारण माणसं मोजली तर कुणीच कमी झालेलं नसतं.

परवा एका श्रोत्यांनी पत्रातून विचारलं होतं, वेल्श टिकेल का? भविष्याचं आम्हाला ठाऊक नाही. वेल्शमध्ये हा प्रश्न ‘ओइस’नं विचारता येत नाही. ती भाषा विचारणाऱ्याच्या तोंडात असते, म्हणून ‘अदीर गम्राइग अन व्यू?’ असंच विचारावं लागतं, वेल्श जिवंत आहे का? आणि ज्यानं ते वेल्शमध्ये विचारलं त्याला आज तरी ‘अदी’ हे उत्तर मिळतं.

वेळ संपत आलीय. पुढच्या वेळी शेजारची आयरिश घेऊ. तिथे ‘इस’ आणि ‘टॉ’ अशी दोन क्रियापदं आहेत, आणि रसेलला ती बहुधा वेल्शपेक्षा जास्त आवडली असती. प्रश्न असतील ते आता घेऊ या.